पिकेर्मीच्या चढावरची घंटा

देवळात माझ्यापुढे कुणी हात जोडले नाहीत आणि शाळेत मी कधी वाजते याकडे कान लावून कुणी दप्तर भरून बसले नाही. मी एक जुनी घंटा आहे मित्रांनो, पण बोकडाच्या गळ्यातली. माझी एक कड दबलेली आहे आणि अंगावर बारीक ओरखडे आहेत. त्यांतले बरेचसे काट्याकुट्यांचे आहेत आणि थोडे दातांचे. दातांची गोष्ट पुढे येईल.

माझा जन्म आम्फिसा गावात एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. तापलेल्या रसातून मी साच्यात उतरले, थंड झाले, आणि ओताऱ्याने हातोडीने ठोकून ठोकून मला आवाज दिला. समोर आर्गिरिस नावाचा तरुण उभा होता. त्याच्या शेळ्या अथेन्सजवळच्या पेंतेली डोंगरावर चरत. सकाळपासून तो एकेक घंटा कानाशी धरत होता आणि परत ठेवत होता. ओतारी शेवटी वैतागला. घंटा निवडतोयस की बायको, असे त्याने विचारले.

"बायको झाली निवडून," आर्गिरिस म्हणाला. "आता तिच्यापेक्षा मोठ्या आवाजाची घंटा पाहिजे."

त्याने मला निवडले. मला फार अभिमान वाटला.

पाशा नावाच्या दणकट बोकडाच्या गळ्यात मी पडले. तो कळपाच्या पुढे चालायचा. बाकीच्या शेळ्यांच्या गळ्यांतही लहानमोठ्या घंटा होत्या, पण शेळ्या ऐकायच्या ते माझे. धुके पडले, वाट हरवली, तरी मी वाजले की सगळ्या माझ्यामागे यायच्या. आर्गिरिसची छोटी मुलगी एवांथिया हीसुद्धा त्यांच्यातच असायची. तिचा बाप तिला हाका मारून थके, पण मी वाजले की ती दगडांवरून उड्या मारत हजर होई.

कळप दुसऱ्याच्या रानाजवळून गुपचूप न्यायचा असला की आर्गिरिस गवताचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबायचा. मग माझा लोलक मुका होई. तो ते इतक्या सहज करी की हातांनाच ती सवय होती, डोक्याला विचारावे लागत नसे. पण एकदा त्याने सगळ्याच घंटांच्या तोंडांत गवत कोंबले. त्या दिवशी त्याची बायको असिमिना गेली होती. आमच्याकडे घरात माणूस गेले की कळप मुका करतात. दुखवटा संपेपर्यंत शेळ्या डोंगरावर आवाज न करता चढत होत्या आणि एवांथिया दारात बसून नुसती बघत होती. तेव्हापासून घंटेचा आवाज थांबला की तिच्या छातीत धस्स होते. हे ती कुणाला सांगत नाही. मला ठाऊक आहे.

वर्षे गेली. पाशा म्हातारा होऊन मेला. आर्गिरिसचे गुडघे कुरकुरू लागले तसा त्याने कळप विकला आणि पिकेर्मीला, मोठ्या रस्त्याकाठच्या घरात, परसात चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या. मी पडवीतल्या खिळ्याला लटकले. माझ्या पोटात कोळ्याने घर केले. येता-जाता कुणाचा खांदा लागला तर मी हलकेच वाजायची, पण कुणी वळून बघत नसे. मित्रांनो, निरुपयोगी होण्यापेक्षा विसरले जाणे जास्त बोचते.

मग एवांथियाला मुलगी झाली. आमच्या रीतीप्रमाणे तिला आजीचे नाव दिले, असिमिना. एवांथियाचा नवरा मालवाहू जहाजावर असतो, म्हणून ती बाळाला घेऊन बापाकडे राहायला आली. बाळाला दात येऊ लागले तेव्हा आर्गिरिसने मला खिळ्यावरून काढले, घासूनपुसून उकळत्या पाण्यात बुडवले आणि थंड झाल्यावर तिच्या हातात दिले. एवांथियाने मला काढून घेऊन पुन्हा एकदा उकळले. त्यानंतर असिमिना माझी कड चावू लागली. माझ्या तोंडात बोटे घालून लोलक ओढणे हा तर तिचा आवडता उद्योग झाला. म्हातारपणी इतके लाड होतील असे मला वाटले नव्हते.

एवांथिया त्याच दिवसांत धावू लागली. आमच्या दारावरून दर नोव्हेंबरात मॅरेथॉन जाते. मॅरेथॉन गावातून निघून अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियमपर्यंत, आणि आमचे घर बरोबर मधल्या चढावर. लहानपणापासून तिने रस्त्याकाठी उभे राहून धावणाऱ्यांना शुभेच्छा म्हणून ऑलिव्हच्या डहाळ्या वाटल्या होत्या. आता तिला डहाळी घ्यायची होती. बाबागाडी ढकलत ती पहाटे चढ चढायची आणि घामाघूम होऊन परत यायची. आर्गिरिस जिन्यावर कॉफी पीत बसलेला असे.

"शेळी धावते ती लांडगा मागे लागला म्हणून," तो म्हणायचा. "तुझ्यामागे कोण लागलंय?"

"कुणी नाही, बाबा," ती म्हणाली. "वर्षभरात पहिल्यांदाच."

पण तिला खरी भीती चढाची नव्हती. आपल्या दाराची होती. बाळाला इतका वेळ सोडून ती कधी राहिली नव्हती. अर्ध्या वाटेवर आपलेच घर, आत आपलेच रडणारे लेकरू, मग पाय पुढे कसे पडणार? तिने बापाला दूध कसे कोमट करायचे ते सांगितले, ताप आला तर काय, उचकी लागली तर काय, तेही सांगितले. तो म्हणाला की त्याने तिच्याआधी शेकडो पिल्ले वाढवली आहेत. ती म्हणाली की ती चार पायांची होती. शेवटी दोघांत एक खूण ठरली.

"वळणावरच्या पाइनच्या झाडांपाशी आले की मला घंटा ऐकू आली पाहिजे," एवांथिया म्हणाली. "वाजली तर समजेन असिमिना बरी आहे, आणि पुढे जाईन. नाही वाजली तर सरळ घरात शिरेन."

"वाजेल," आर्गिरिस म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी तो स्वच्छ सदरा घालून, एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात मला घेऊन रस्त्याकाठी उभा राहिला. शेजारच्या मारिगोमावशीने टोपलीभर डहाळ्या आणल्या होत्या. तिने तीनदा कोरडेच थुंकून बाळाची दृष्ट काढली. धावणारे येऊ लागले. आर्गिरिसला राहवेना. खुणेची वेळ व्हायची होती, तरी तो अनोळखी लोकांसाठी मला वाजवू लागला. किती वर्षांनी मी मोकळ्या हवेत घुमले. धावणारे हात हलवत होते. मी हरखून वाजत होते.

आणि कळपाने ऐकले.

परसातल्या फाटकाची दोरी कनेला नावाच्या शेळीने दातांनी सोडली. लहानपणी ती पाशाच्या मागे चाललेली, माझा आवाज विसरेल कशी? चारही शेळ्या दुडूदुडू रस्त्यावर आल्या, धावणाऱ्यांच्या पायांत घुसल्या, मग मारिगोमावशीची टोपली दिसताच तिच्यावर तुटून पडल्या. ऑलिव्हचा पाला म्हणजे शेळ्यांची मेजवानीच. बंदोबस्ताचा पोलीस आला आणि यांना नंबर कुणी दिले, असे त्याने गंभीरपणे विचारले.

"नंबर नाहीत," आर्गिरिस म्हणाला, "पण पाय जास्त आहेत."

मी जराशी जरी हलले असते तरी त्या पुन्हा रस्त्यावर धावल्या असत्या. म्हाताऱ्याच्या हातांनी मग तेच केले जे त्यांना ठाऊक होते. कडेचे गवत उपटले, बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. मला मारिगोमावशीच्या मनगटात अडकवून आणि बाळ तिच्या कडेवर देऊन तो शेळ्या हाकत परसात गेला. खुणेचे मारिगोमावशीला काहीच ठाऊक नव्हते.

तेवढ्यात वळणावर एवांथिया दिसली.

मित्रांनो, मला ओरडायचे होते. माझ्या तोंडात गवत होते. झाडांपाशी तिने मान वर केली, कान दिला, आणि तिचा चेहरा उतरला. ती चालू लागली. दारात बाप नव्हता, घंटा गप्प होती, आणि गप्प घंटेचा अर्थ तिला एकच ठाऊक होता. चालता चालता तिची बोटे छातीवरच्या नंबराच्या पिना काढू लागली. एक पिन निघाली. दुसरी निघाली. नंबर एका कोपऱ्यावर लोंबू लागला.

इकडे असिमिनाला माझे तोंड भरलेले आवडले नाही. तिने सवयीने आत बोटे घातली, बोळा उपसला, तो आपल्या तोंडात टाकला आणि मोकळा झालेला लोलक दोन्ही हातांनी धरून जिवाच्या आकांताने हलवला.

मी वाजले. पेंतेलीवर पाशाच्या गळ्यात वाजले नव्हते इतक्या मोठ्याने वाजले.

एवांथिया धावतच आली. मारिगोमावशीच्या कडेवर लालबुंद गालांची तिची पोर हसत होती, आणि ओठांतून हिरवी पाती बाहेर डोकावत होती.

"तिच्या तोंडात काय आहे?" तिने विचारले.

"गवत," मारिगोमावशी म्हणाली.

तोवर आर्गिरिस धापा टाकत फाटकातून आला. टोपी कुठेतरी पडली होती. त्याने बाळाच्या तोंडात बोट घालून पाती काढली, लेकीच्या लोंबणाऱ्या नंबराकडे पाहिले, आणि पिना पुन्हा लावून दिल्या.

"बाबा, तिने गिळलं असेल तर?"

"तू माती खायचीस," तो म्हणाला. "पळ."

ती हसली, डोळे पुसले, आणि टोपलीत उरलेली एक डहाळी केसांत खोचली. अर्धी पाने शेळ्यांनी खाल्लेली होती. मग ती चढावर वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत असिमिना मला वाजवत होती. परसात शेळ्या फाटकाला धडका देत होत्या.

स्टेडियम मी पाहिले नाही. पण दुपार उतरताना एवांथिया घरी आली. पायऱ्या चढून वर गेली, आणि बाळाला अंगणात न्यायचे म्हणून खाली उतरताना पाय वाकेनात, तेव्हा आर्गिरिसच्या कडेवर बाळ देऊन ती उलटी, एकेक पायरी उतरली. आर्गिरिस म्हणाला की शेळीसुद्धा अशी उतरत नाही. तिच्या गळ्यात पदक होते आणि केसांत तीच कुरतडलेली डहाळी. तिने पदक माझ्या शेजारी खिळ्याला अडकवले. वारा आला की आता आम्ही दोघे एकमेकांवर आपटतो. त्याचा आवाज पातळ आहे, पण शिकेल.

मित्रांनो, तुमच्या घरातही खिळ्याला काहीतरी लटकलेले असेल. त्याच्या पोटातले जाळे काढा, अधूनमधून त्याला वाजू द्या. आणि तुमच्या दारावरून कुणी धावत जाईल तेव्हा गप्प राहू नका. ते माणूस कशासाठी कान देऊन येत आहे हे तुम्हाला ठाऊक नसते.