मुसाभाईचे गेस्ट

माझा भाऊ मुसा कतारला एका मोठ्या हॉटेलात ढेकूण मारायच्या कामावर आहे. इथे रोह्याजवळ त्याची बायको सुरैय्याभाभी आणि मी घर सांभाळतो. भाई फक्त शुक्रवारी फोन करायचा. ‘जेवलीस? तब्येत बरी ना?’ संपलं बोलणं. भाभी त्यासाठी सकाळपासून केस विंचरून बसायची. मला भाईचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

मग आमच्या कोंबड्यांना बारीक लाल किडे लागले. खाजवून खाजवून त्या बेजार, अंडी बंद. भाभीने फोनवर सहज सांगितलं आणि भाईच्या अंगात आलं.

“व्हिडिओ लाव. आधी गेस्ट बाहेर काढ, त्यांना दुसरी रूम दे.”

दुसरी रूम म्हणजे भाई-भाभीची झोपायची खोली. कोंबड्यांना राखेत लोळवून, झटकून आम्ही तिथे नेलं. भाईने पेणहून आणलेला एसी आम्हाला कधी लावायची परवानगी नव्हती, कोंबड्यांना मिळाली. भाभी ओटीवर झोपू लागली. कोंबडा आरवला की भाई विचारायचा, “साहेबांची काय कंप्लेंट हाय?” एक कोंबडी कपाटावरून उतरेना, तेव्हा भाभीला तिच्यासमोर फोन धरावा लागला. भाईने त्या कोंबडीची हिंदीत माफी मागितली.

खुराड्याच्या फटींत आम्ही उकळतं पाणी ओतलं, मग चुना भरला. भाई सकाळ-संध्याकाळ फोन करून एकेक फट तपासायचा. फटी बघता बघता भाभीकडे बघायचा. एकदा म्हणाला, “वाळलीस गो तू.” त्या दिवशी भाभीने चहात दोनदा साखर घातली. मी मुकाट्याने प्यायले.

शेवटी एकही किडा सापडेना. कोंबड्या खुराड्यात परतल्या.

“काम झकास झालं,” भाई म्हणाला. “आता शुक्रवारी बोलू.”

फोन बंद झाला तरी भाभी तो तसाच धरून उभी होती. मी काही बोलणार, तोवर ती मागच्या दाराने शेजारच्या ठमाबाईंच्या परसात पोचलीसुद्धा. तिथली सगळ्यात रोडकी, पिसं झडलेली कोंबडी तिने काखेत घेतली.

“सुरैय्या गो, ती कशाला नेतेस?” ठमाबाई म्हणाल्या. “तिच्या अंगावर किडे हायत.”

भाभीने विचारलं, “भरपूर हायत ना?”