उसवलेली वीतभर ओळ

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची कात्री. 'कापडाची' हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या गोष्टीतला पहिला गोंधळ त्यावरूनच झाला.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. माझी दोन पाती दोन वेगळ्या दिवशी घडली. लोहाराने ती खिळ्याने जोडली, कानाजवळ धरून उघडमीट केली, आवाज पटेना म्हणून पुन्हा घासली. असं त्याने सहा वेळा केलं, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. पुढे वीस वर्षं मी एका शिंप्याकडे कोट, विजारी आणि शाळेचे गणवेश कापले. शिंपी मला दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. मग त्याचे गुडघे कुरकुरू लागले, दुकान बंद झालं आणि मी एका खणात तुटक्या बटणांच्या संगतीत जाऊन पडले. चार वर्षं कुणी साधी चौकशी केली नाही. माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले आणि स्वभावही थोडा आंबला, तो अजून तसाच आहे.

त्या खणातून मला बाईंनी बाहेर काढलं. बाई म्हणजे शिंप्याची धाकटी बहीण. शाळेत शिवण शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवणं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी मला घासलं, तेल दिलं, धार लावून आणली आणि आपल्या शिवणमंडळात नेलं.

हे मंडळ दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचं. खोलीत एक मोठी लाकडी चौकट होती. तिच्यावर दुलई ताणून बसवायची आणि आठ जणींनी चारी बाजूंनी हाताने टाके घालत मधोमध पोहोचायचं, अशी पद्धत. दुलया जायच्या रुग्णालयातल्या मुलांच्या खाटांवर. बाईंचा एकच नियम होता. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि घट्ट. टाका लांब आणि सैल असला की लहान मुलाचं बोट त्यात अडकतं, हे मंडळातल्या निवृत्त परिचारिकेने स्वतः पाहिलं होतं.

त्या आठ जणींच्या जागा म्हणजे दगडावरची रेघ. खिडकीपाशी बाई, त्यांच्या डाव्या हाताला बेकरीवाली, समोर दोन जावा. या जावांचं एकमेकींशी बोलणं अकरा वर्षं बंद होतं, पण त्या बसायच्या मात्र मांडीला मांडी लावून. थोरली भिंतीकडे बघून म्हणायची, "कुणाला कात्री हवी असेल तर घ्यावी," आणि धाकटी छताकडे बघून मला उचलायची. मला त्या दोघींची फार मजा वाटायची.

अशा त्या खोलीत एका गुरुवारी एक नवी बाई आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता, मुलगा बोटीवर नोकरीला होता, आणि ती नुकतीच या गावात दोन खोल्यांच्या घरात राहायला आली होती. वाचनालयाच्या फळ्यावरची चिठ्ठी वाचून ती विचारायला आली. बाई 'या, बसा' म्हणाल्या खऱ्या, पण बसणार कुठे? नववी खुर्चीच नव्हती. शेवटी ती एका उलट्या खोक्यावर, चौकटीच्या कोपऱ्यात बसली. तिथे चौकटीचा पाय गुडघ्याला लागतो.

आणि बसल्या बसल्या तिने काय करावं? सुयांची नवी पुडी आणली होती, ती माझ्याने कापली. पुडी कागदाची होती.

मित्रांनो, कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार जाते. शिवणाऱ्या बायका एक वेळ घरातलं भांडण विसरतील, पण हे विसरत नाहीत. आठही सुया जागच्या जागी थांबल्या. बेकरीवालीने मला तिच्या हातून काढून घेतलं आणि पदराने पुसलं, जणू मी चिखलात पडले होते. खरं सांगते, मीसुद्धा तेव्हा नाक मुरडलं. त्या बिचारीने तीनदा माफी मागितली. कुणी 'असू दे' म्हटलं नाही.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'नवीन'. नवीनला दोरा द्या, नवीनला सांगा दार लावून घे. ती काही बोलली की सगळ्या ऐकून घ्यायच्या आणि मग आपल्या मूळ विषयावर परत जायच्या. तिला वाईट वागवलं असं कुणालाच म्हणता येणार नाही. तिला वागवलंच नाही.

तिचा टाका मात्र खरोखर वाईट होता. लांब, सैल, एक इकडे तर एक तिकडे. त्या दिवशी तिने वीतभर ओळ शिवली. सगळ्या गेल्यावर बाई कुलूप लावायला मागे राहिल्या. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, सुस्कारा सोडला आणि मला उचललं. माझ्या टोकाने त्यांनी प्रत्येक तिसरा टाका कापला आणि दोरा ओढून काढला. दोन मिनिटांत ओळ साफ.

बाईंच्या मनात खोट नव्हती. मुलांच्या खाटेवर सैल टाका जाऊ द्यायचा नव्हता, आणि तोंडावर सांगून नव्या बाईला दुखवायचंही नव्हतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या गुरुवारी बेकरीवाली विसरलेली छत्री न्यायला परत आली आणि तिने ते पाहिलं. मग काय, आठवड्याभरात आठही जणींना कळलं. नवीनला कुणी सांगितलं नाही.

पण कापडाला उसवलं तरी सुईची भोकं राहतात. दुसऱ्या गुरुवारी नवीन सगळ्यांच्या आधी आली, तिने आपली जागा पाहिली आणि त्या बारीक भोकांच्या रांगेवर हात ठेवला. बराच वेळ तशीच बसली. मी शेजारीच पडले होते. मला वाटलं, ही आता उठेल, पिशवी उचलेल आणि पुन्हा दिसणार नाही. मी असते तर तेच केलं असतं. तिने दोरा ओवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

असे बारा गुरुवार गेले. बारा वेळा तिने तीच वीतभर ओळ शिवली आणि बारा वेळा आपलं काम पुसलेलं पाहायला ती परत आली. मी लोहाराची चिकाटी पाहिली आहे, शिंप्याची पाहिली आहे, पण अशी बाई पाहिली नाही. तिने कुणाकडे तोंड वाकडं केलं नाही. बाईंचा हात कसा चालतो, सुई किती तिरकी जाते, हे ती कोपऱ्यातून डोळ्यांत तेल घालून बघायची. सातव्या आठवड्यापासून तिचा टाका आखूड होऊ लागला. दहाव्याला तो सरळ झाला. मला कळत होतं, कारण मी तो कापत होते आणि तो कापणं दिवसेंदिवस जड जात होतं. बाई मात्र सवयीने मला उचलायच्या आणि उसवायच्या.

तेराव्या गुरुवारी परिचारिका तापाने घरी राहिली. तिचं काम अडू नये म्हणून बाई तिच्या जागी, म्हणजे नवीनच्या शेजारी बसल्या. तिथे खिडकीचा उजेड पोहोचत नाही. आणि खरं म्हणजे बाईंचे डोळेही वर्षभर दगा देत होते, पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या गेल्या. बाईंनी कोपऱ्यात बोट फिरवलं. एक ओळ घट्ट लागली, शेजारची सैल लागली. त्यांनी सैल ओळ उसवायला घेतली. मित्रांनो, ती ओळ त्यांची स्वतःची होती. मला ओरडता येत नाही. मी अडखळले, तेवढंच माझ्या हातात होतं. बाईंना वाटलं माझा खिळा आवळला गेला, म्हणून त्यांनी मला तेलाचा थेंब दिला आणि पुढे कापत गेल्या.

ओळीच्या शेवटी गाठ सापडेना. नवीनची गाठ वर दिसायची. ही गाठ आत, कापसात दडवलेली होती, आणि अशी गाठ त्या खोलीत फक्त बाई मारत. त्यांनी चष्मा पुसला, दोरा उजेडात धरला, मग शेजारच्या घट्ट ओळीवरून तीनदा बोट फिरवलं. मग मला मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.

पुढच्या गुरुवारी नवीन नेहमीसारखी लवकर आली. तिची ओळ पहिल्यांदाच जागेवर होती. शेजारची गेली होती. ती एकदा आपल्या ओळीकडे, एकदा त्या भोकांकडे पाहत राहिली. तेवढ्यात बाकीच्या आल्या. बेकरीवालीने कोपऱ्यात डोकावून म्हटलं, "नवीनची ओळ आजही गेली वाटतं."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. दोन्ही जावांनी माना खाली घातल्या. आठही जणींना माहीत होतं, हे नवीनला त्या क्षणी समजलं. तिचा चेहरा उतरला.

बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. ती ओळ नवीनच्याच नावावर खपली असती. पण त्या उभ्या राहिल्या.

"ती ओळ माझी आहे," बाई म्हणाल्या. "मीच शिवली, मीच सैल शिवली आणि हिची समजून मीच उसवली. बारा आठवडे हिचं काम मी हिच्या पाठीमागे उसवत आले."

"मला माहीत होतं, बाई," नवीन म्हणाली. "कापडात भोकं राहतात ना."

"मग बोलली का नाहीस? आणि येत का राहिलीस?"

नवीनने सुई खाली ठेवली. "घरी माझी चूक काढायलाही कुणी नसतं."

परिचारिका खिडकीबाहेर पाहू लागली. बेकरीवाली डोळे पुसत होती. बाईंनी आपली खुर्ची उचलून कोपऱ्यात आणली, नवीनच्या खोक्याला चिकटून ठेवली आणि विचारलं, "ही ओळ तू शिवशील का? माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही."

"नाही," नवीन म्हणाली. "तुम्हीच शिवा. सैल झाली तर उसवायला मी आहे."

आधी धाकटी जाऊ हसली. मग थोरली, तेही धाकटीकडे बघून. मग सगळी खोली हसली, आणि बाई सगळ्यांत जास्त.

त्या दुपारी बाईंनी ओळ शिवली. नवीनने तिच्यावरून बोट फिरवलं आणि हात पुढे केला. बाईंनी मला तिच्या हातात दिलं, मुठीकडची बाजू पुढे करून. तिने तीन टाके उसवले. बाई शेजारी बसून बघत होत्या.

मित्रांनो, आता माझा खिळा ढिला झाला आहे. तो तेवढा आवळा, तेलाचा थेंब द्या, कोरड्या फडक्याने पुसा, आणि माझ्याने कागद कापू नका. पण माझं दुसरं मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या खेळात कुणी नवं आलं तर त्याची चूक खुशाल काढा. फक्त तो घरी जाण्याआधी काढा, त्याच्या शेजारी बसून. आणि तुमची चूक काढायला त्याच्याही हातात कात्री द्या.