पायरीवर थांबलेली रखुमाई

या, असे जवळ सरकून बसा, पंख्याचा वारा इकडेच येतो. आज एका अडकलेल्या लग्नाची गोष्ट सांगते. लग्न देवाचं होतं आणि अडकलं होतं माणसांपायी. पांडुरंगाने ते कसं पुरं करून घेतलं, ते ऐका.

इथे चेन्नईत, मैलापूरला आमच्या घरी दर शनिवारी भजन असतं. तिथे कनका यायची. तंजावरकडच्या मराठी कीर्तनकारांच्या घरातली, वादिराजबुवांची एकुलती एक मुलगी. इथे बँकेत नोकरीला. पेटी अशी वाजवायची की ऐकत राहावं, पण गायला सांगितलं की मान हलवायची.

त्यालाही कारण होतं. तीन वर्षांपूर्वी माघात, त्यांच्या गावच्या देवळात, बुवा रखुमाईच्या लग्नाचं आख्यान लावून उभे होते. कनका पेटीवर. कथेत भावाने ठरवलेलं लग्न नको म्हणून रखुमाई देवीच्या देवळात आली, पायरीवर उभी राहून कृष्णाच्या रथाची वाट पाहू लागली, आणि बुवा एकदम खाली बसले. दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

कीर्तनात पूर्वरंग झाला की बुवांच्या गळ्यात हार घालतात, मग आख्यान सुरू होतं. त्या गावची रीत अशी की एकदा हार पडला की कथा मंगलाष्टकांपर्यंत न्यायचीच. बुवांना नाही जमलं तर त्यांच्या घरच्याने न्यायची. मगच देवाच्या मूर्तींमध्ये अंतरपाट धरतात. पुढच्या वर्षी गावाने कनकाला बोलावलं, ती गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. देवाचं लग्न राहिलं. तिचंही राहिलं. स्थळ आलं की म्हणायची, "रखुमाई अजून पायरीवर उभी आहे, मावशी. मी कुठे बोहल्यावर चढू?" म्हणायची हसत, पण कुणाचा फोटोसुद्धा पाहत नसे.

अशात आमच्याकडे उन्मेष येऊ लागला. मूळचा कऱ्हाडचा, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करतात त्या कारखान्यात इंजिनिअर. मराठी कानावर पडावं एवढ्यासाठी इतक्या लांबून यायचा. देवाधर्मातलं काही कळत नव्हतं आणि टाळी कुठेही पडायची.

"उन्मेषराव, समेवर टाळी द्या," कनका म्हणाली. "डास मारताय का?"

"दोन्ही कामं होतायत, मॅडम."

कुणीतरी त्याला बुवांची हकिकत सांगितली. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हा सरळ जाऊन कनकालाच विचारतो, "मग पुढे रखुमाईचं काय झालं?"

"जगाला ठाऊक आहे."

"मला नाही. आमच्या शिफ्टला रखुमाई नसते."

"मोबाइलवर बघा की."

"तुमच्याकडून ऐकायचंय."

"मग बसा वाट पाहत."

दर शनिवारी तो विचारायचा आणि दर शनिवारी ती उडवून लावायची. पण शनिवारी त्याला उशीर झाला की तिची नजर जिन्याकडे जायची, हे मी पाहिलं होतं.

पौषात तिच्या प्राणेशकाकांचा फोन आला. गावच्या देवळाचं तेच बघतात. म्हणाले, "कनका, औंदा कीर्तनाला कुंभकोणमचे भागवतर येतायत. ते कथा पहिल्यापासून लावणार. मग तुझ्या अप्पाची अर्धीच राहील, ते मला समजतंय. पण देवाला किती वर्षं ताटकळत ठेवायचं, सांग?"

कनका म्हणाली, "सरी, काका. तसंच करा." अप्पांच्या चिपळ्या त्या भागवतरांच्या हातात द्यायच्या आणि मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं. उन्मेष म्हणाला, मी गाडीने सोडतो. दोघांबरोबर तिसरी म्हणून मी निघाले. गाडीत मी त्याला हाराची रीत समजावून सांगितली. कीर्तनाचा विषय निघाला की मला थांबवत नाही.

विळुप्पुरम मागे पडल्यावर कॉफीला थांबलो. कनकाने सरळच विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"आता कुणी नाही. नीलम होती, माझी बायको. दोन वर्षं झाली. कॅन्सर." त्याने पेल्यातली कॉफी वाटीत ओतली, पुन्हा पेल्यात ओतली. "शेवटी डॉक्टर बोलायला येणार होते. मला पुढचं ऐकायचं नव्हतं, म्हणून खाली चहाला गेलो. वर आलो तर सगळं झालं होतं."

कनकाने आपला पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "अप्पा खाली बसले ना, तेव्हा मी आधी पेटी बंद केली. भाता नीट लावला, खिट्टी घातली. मग त्यांच्याकडे गेले. का केलं असं, मला अजून कळत नाही."

"पुढचं ऐकायचं नव्हतं," उन्मेष म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. बाकी वाटेत गाडीतलं अवघडलेपण गेलं होतं.

गावात मराठी घरं थोडीच उरलीत, तरी देऊळ भरलं होतं. भागवतर म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी नमन केलं, पूर्वरंग केला. हाराची वेळ झाली तशी कनका चिपळ्या घेऊन पुढे गेली. प्राणेशकाकांनी लांबून आलेला पाहुणा म्हणून हार उन्मेषच्या हातात दिला आणि भागवतरांकडे बोट केलं.

उन्मेष कनकासमोर जाऊन उभा राहिला.

"घालू का?" त्याने विचारलं.

मागून एक आजी म्हणाल्या, "अय्यो, लग्न कुणाचं लावताय आज?" बायका हसल्या. कनका हसली नाही.

"याचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?"

"मावशींनी सांगितलाय. पुरं करावं लागतं."

"आणि मध्येच नाही जमलं तर?"

"तर थांबा. मी इथेच समोर बसलोय. मला पुढचं माहीत नाही. या वेळी मी उठून जाणार नाही."

तिने भागवतरांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या चिपळ्या खाली ठेवल्या, पेटीमागे जाऊन बसले आणि सूर धरला.

कनकाने मान खाली केली. हार पडला.

तिने अप्पांच्या चिपळ्या बोटांत अडकवल्या. मग बुवा थांबले होते नेमक्या त्याच जागी ती उभी राहिली आणि म्हणाली, "मंडळी, रखुमाई अजून पायरीवरच आहे. पाय दुखतायत तिचे. रस्त्याकडे बघून बघून डोळे थकलेत. आणि रथ आपल्यासाठी निघालाय की नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही." एवढं बोलून ती गाऊ लागली. आवाज बसका होता, दोनदा फुटला. दुसऱ्यांदा ती थांबली तेव्हा उन्मेषने टाळी दिली, बरोबर समेवर. रथ आला.

कथा मंगलाष्टकांपर्यंत पोचली. अंतरपाटाचं एक टोक काकांनी कनकाच्या हातात दिलं, दुसरं उन्मेषच्या. अंतरपाट होता तो मूर्तींच्या मध्ये. ही दोघं टोकांना उभी, त्यांच्यामध्ये आडवं काहीच नव्हतं. मंगलाष्टकं आणि आरती झाल्यावर कनका त्याला म्हणाली, "झालं तिचं लग्न. आता काय विचाराल दर शनिवारी?"

"बघू. काहीतरी सापडेल."

सापडलं. येत्या वैशाखात मैलापूरलाच, आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये त्या दोघांचं लग्न आहे. तुम्ही यायचंच.

आणि एक करा. वादिराजबुवांची आठवण गाव काढेल, दर माघात काढेल. पण नीलमला इकडे कुणी पाहिलेलं नाही, मीही नाही. अक्षता टाकताना एक दाणा तिच्या नावाचा टाका.