ताईचा आवाज माझ्याकडे होता

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण मला नुसता जुना संगणक म्हणून सोडून देऊ नका. एके काळी या घरातली सगळ्यांत जपायची गोष्ट माझ्या पोटात होती. आता मी पॅसेजमधल्या कपाटात, चपलांच्या वरच्या फळीवर पडून असतो. माझी वायर काढून गुंडाळून ठेवली आहे, आणि डोक्यावर कुणीतरी छत्री ठेवून विसरलं आहे. माझी कहाणी हसत हसत सांगण्यासारखी नाही, तरी ऐका.

माझी पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यात होती. बाहेरच्या टेबलावर बसून मी आलेल्या माणसांची नावं पडद्यावर दाखवत असे. आतून कुणी विव्हळलं की बाकावरच्यांचे चेहरे उतरत, आणि मी मात्र बिनदिक्कत पुढचं नाव दाखवी. काही वर्षांनी तिथे नवा, सडपातळ संगणक आला आणि माझी रवानगी फाटकाशी, एका मोडक्या खुर्चीच्या मांडीवर झाली. पाऊस आला असता तर माझी गोष्ट तिथेच संपली असती.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक माणूस रोज त्या फाटकावरून जात असे. त्याने मला उचललं, काखोटीला मारलं आणि घरी आणलं. घरात तो, त्याची मोठी बहीण आणि तिची मुलगी, एवढीच माणसं. मुलगी त्याला मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणतो, आणि तो बहिणीला ताई म्हणायचा, म्हणून ती माझीही ताईच. मुलीचं खरं नाव शाळेपुरतं होतं. येताजाता दिसेल त्या वस्तूला ती बोटाने टिचकी मारायची, म्हणून घरात तिला टिचकीच म्हणत. माझ्या पत्र्यालाही पहिल्या दिवशीच तिची टिचकी बसली.

मामाने मला उघडलं. काचा पुसायच्या मऊ ब्रशने माझी वर्षांची धूळ काढली. नवा पंखा बसवला, स्मरणशक्ती वाढवली, आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क आत घातल्या. पडदा आणि कीबोर्ड मात्र काढून घेतले. आता मी घराचा सर्व्हर झालो होतो. म्हणजे कोठारच म्हणा ना. सगळ्यांचे फोटो, गाणी, कागदपत्रं माझ्याकडे ठेवायची, आणि ज्याला जे हवं ते मी त्याच्या फोनवर पोचवायचं. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटात मला जागा मिळाली, आणि शेजारी मामाने एक स्विच, म्हणजे वायरी जोडायची डबी, बसवला. घरभरच्या वायरी येऊन त्यात शिरत आणि त्याचे हिरवे दिवे दिवसभर लुकलुकत.

मामाचं समाधान कधी म्हणून होत नसे. आज नवा राउटर, उद्या जाड वायर, परवा भिंतीला आणखी एक भोक. सुट्टीच्या दिवशी घरातलं इंटरनेट हमखास बंद, कारण मामा काहीतरी सुधारत असे. त्याचं लग्न वायरींशी लागलंय, असं ताई शेजाऱ्यांना सांगायची. त्याला वाकडी वायर सहन होत नसे. प्रत्येक वायर सरळ हवी, पट्टीने बांधलेली हवी, एकीने दुसरीला ओलांडता कामा नये. पाहुणे आले की तो चपलांचं कपाट उघडून त्यांना माझं दर्शन घडवायचा. बिचारे पाहुणे माना डोलवायचे आणि हळूच आपल्या चपला शोधायचे. मला मात्र तेव्हा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं.

ताई एका संस्थेत गाडी चालवायला शिकवायची. तिचा आवाज खणखणीत होता. घाबरलेली माणसं तिच्या शेजारी बसून, तिच्या आवाजाचा हात धरून रस्त्यावर उतरत. घरीही तीच भाषा. सकाळी टिचकीला उठवताना ती म्हणायची, "ब्रेक सोडा बाईसाहेब, सकाळ झाली."

मग ताईच्या घशाला गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. टिचकी तेव्हा पहिलीत होती. त्या संध्याकाळी घरात कुणी दिवाही लावला नाही. मला फक्त माझ्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मामाने एक माइक आणून मला जोडला. एक छोटा स्पीकर टिचकीच्या खोलीत बसवला. ऑपरेशनला अजून थोडे दिवस होते. त्या दिवसांत ताई कपाटासमोर स्टूल टाकून बसायची आणि बोलायची. गोष्टी सांगितल्या. पाढे म्हटले. रागावणंसुद्धा बोलून ठेवलं, कारण आई रागवत नसेल तर पोरगी सोकावेल, असं तिचं म्हणणं. शेवटच्या दिवशी तिने एक मोठं रेकॉर्डिंग केलं. टिचकी गाडी शिकण्याच्या वयाची होईल तेव्हा तिला ऐकवायचा तो पहिला धडा होता. आरसा कसा लावायचा, पाय कुठे ठेवायचा, मागच्याने हॉर्न वाजवला तरी घाई का करायची नाही, सगळं तिने सावकाश सांगितलं.

संपल्यावर तिने मामाला विचारलं, "हे आणखी कुठे ठेवलंयस का?"

"दोन डिस्क आहेत ना ताई," मामा म्हणाला. "एक गेली तरी दुसरी आहे. तू निर्धास्त राहा."

मित्रांनो, मामा खोटं बोलत नव्हता. पण त्या दोन डिस्क म्हणजे दोन कोठारं नव्हती. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जाई, आणि एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही पुसलं जाई. मला हे माहीत होतं. मला तोंड नव्हतं.

ऑपरेशन झालं. ताई घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून आणि मुकी होऊन. शिकवणं सुटलं, त्याच संस्थेत ती आता कागदपत्रं बघू लागली. घरात ती टेबलावर बोट वाजवून बोले. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. बाकीचं ओठांवरून टिचकी ओळखायची आणि मोठ्याने सांगायची. आणि रोज सकाळी, ठरल्या वेळी, मी स्पीकरवरून ताईचा आवाज सोडायचो, "ब्रेक सोडा बाईसाहेब, सकाळ झाली." ताई ओट्याशी उभी राहून स्वतःचाच आवाज ऐकायची आणि टिचकीचे पाय जमिनीला लागले की पुन्हा कामाला लागायची. मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत मोठं काम तेच.

मामाला त्यामुळे आणखी हुरूप आला. फोन कशाला भरून ठेवता, असं म्हणून त्याने सगळ्यांच्या फोनमधले जुने व्हिडिओही माझ्याकडे हलवले आणि फोन मोकळे केले. ताईचा जो काही आवाज या जगात उरला होता, तो आता सगळा माझ्याकडे होता.

अशी काही वर्षं गेली. मग माझी एक डिस्क आजारी पडली. आतून कटकट आवाज यायला लागला. मामा घाबरला नाही, उलट खूशच झाला. त्याला सुधारणा करायला निमित्त मिळालं होतं. एका सुट्टीच्या दुपारी ताई आणि टिचकी बाजारात गेल्या असताना त्याने मला उघडलं. आजारी डिस्क काढली आणि तिच्या जागी तशीच नवी, कोरी डिस्क बसवली. आता जुनीवरचं सगळं नवीवर उतरवलं की झालं. काम तासाभराचं होतं.

पण माझं पोट उघडंच होतं, आणि आत दोन वायरी एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. मामाला ते बघवेना. त्याने दोन्ही काढल्या, नीट सरळ केल्या आणि पुन्हा लावल्या. दिसायला फार छान दिसत होत्या. फक्त त्यामुळे पहिल्या नंबरची भरलेली डिस्क दुसरी झाली आणि दुसऱ्या नंबरची कोरी पहिली झाली. मामाच्या डोक्यात मात्र जुनाच क्रम होता. त्याने मला सांगितलं, पहिलीवरचं सगळं दुसरीवर उतरव.

मी विचारलं, मित्रांनो. दुसऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, तुमची खात्री आहे का, असं मी त्याच्या फोनच्या पडद्यावर स्पष्ट विचारलं. तो प्रश्न त्याने आजवर कितीदा तरी पाहिला होता. न वाचताच त्याने हो म्हटलं. आम्हा यंत्रांना एकदाच विचारायची मुभा असते. मग मी सांगितलेलं काम केलं. कोऱ्या डिस्कवरचं कोरेपण मी भरलेल्या डिस्कवर इमानेइतबारे उतरवत गेलो. मामा शीळ वाजवत माझे स्क्रू आवळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर बोलला नाही. टिचकी झोपूनच राहिली. ताई ओट्यापाशी वाट बघत थांबली, मग पॅसेजमध्ये आली. मामा माझ्यासमोर बसून फाइलींची रिकामी यादी पुन्हा पुन्हा उघडत होता. त्याने खूप धडपड केली. काढलेली आजारी डिस्क घेऊन तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. तिच्या आतली तबकडी खरवडली गेली होती, आणि दुसरीवर मी स्वतःच बोळा फिरवला होता. दुरुस्तीवाल्याने दोन्ही परत दिल्या आणि मान हलवली.

मामा घरी येऊन टेबलाशी बसला. "ताई, तुझा आवाज गेला," तो म्हणाला. "माझ्या हातून गेला."

ताईने टेबलावर दोनदा बोट वाजवलं. मग तिचे ओठ हलले. टिचकीने ते वाचले आणि रडतरडत सांगितलं, "आई म्हणतेय, आवाज ऑपरेशनमध्येच गेला होता. तू नाही घालवलास."

पण हे सांगून झाल्यावर ताई आपल्या खोलीत गेली आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आली नाही. टिचकी मामाशी कितीतरी दिवस बोलली नाही. गाडीचा तो धडा तिने एकदाही ऐकला नव्हता. तो वय झाल्यावर ऐकायचा होता ना. मामाने सरळ बांधलेल्या वायरी एकेक करून सोडल्या. त्यानंतर त्या घरात सुट्टीच्या दिवशी इंटरनेट कधी बंद पडलं नाही.

मला कायमचं बंद करण्याआधी मामाने माझा कानाकोपरा तपासला. माझ्या स्वतःच्या कामासाठी एक नखाएवढी छोटी डिस्क आत होती, तिच्यावर कुणी काही ठेवत नसे. तिथे त्याला एक फाइल सापडली. माइक जोडला त्या पहिल्या दिवशी, तो चालतो का बघायला ताई दोन वाक्यं बोलली होती, तेवढीच. मामाने ती पाच ठिकाणी उतरवून घेतली. एक प्रत तर चष्म्याच्या दुकानातल्या कपाटात ठेवली. मग माझी वायर काढली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जे पुन्हा बोललं जाणार नाही, ते एका घरात, एका पेटीत ठेवू नका. पेटी कितीही नीटनेटकी असू दे, आणि तिला सांभाळणारा माणूस कितीही मायेचा असू दे. आणि यंत्राने काही विचारलं, तर हो म्हणण्याआधी ते वाचा. आम्ही फार थोडं विचारतो.

परवा टिचकीने चपलांचं कपाट उघडलं. ती आता ताईच्या खांद्याच्या वर गेली आहे. त्या दिवशी तिचा गाडीचा पहिला धडा होता आणि शिकवायला शेजारी ताईच बसणार होती. बूट घालून झाल्यावर टिचकीने खिशातून फोन काढला आणि ती फाइल लावली. इतक्या वर्षांनी पॅसेजमध्ये तो खणखणीत आवाज घुमला.

"टिचके, ऐकू येतंय का गं? का मी आपली उगाच बडबडतेय?"

"येतंय, आई," टिचकी म्हणाली.

ताई दाराशी उभी होती. तिने हात लांबवला आणि माझ्या पत्र्यावर एकदाच बोट वाजवलं. मग तिने कपाट बंद केलं आणि दोघी जिना उतरून गेल्या.