शेवटची फळी

“जमीन आहे का जुनी गादी? बसतेच आहे आपली.” रुसनाच्या शिडीला खालून आणखी एक पायरी ठोकता ठोकता शेजारीण कसफिया कुरकुरत होती. “आणि तू वर काय येरझारा घालतेयस गं? टेक की एका जागी.”

रुसना टेकली नाही. कॉफीची रोपं टोपलीत भरायची, पुन्हा बाहेर काढून ओळीने मांडायची, हे सकाळपासून चाललं होतं. पिशव्या फोडून मुळं बाहेर आली होती. रोपं आज लावली नाहीत तर जाणार, आणि कोरड्यात लावली तरी जाणारच.

ऐन उमेदीत सगळ्या गावाने तेलाच्या पामसाठी चर खणले होते आणि दलदलीचं पाणी समुद्राकडे सोडून दिलं होतं. मग ती कुजल्या झाडोऱ्याची काळी जमीन वाळली, खचली, दोन उन्हाळे आतल्या आत धुमसली. खांबांवरची घरं होती तिथे राहिली, अंगणं खाली गेली. पाम तर झिंगल्यासारखे कलले. आता त्यांच्या मधेमधे कॉफी-सुपारी लावायची आणि चराला फळ्यांचा बांध घालून पाणी जमिनीत थोपवायचं, असं ठरलं होतं. बांध उभाही राहिला. फक्त शेवटची फळी बसवायची राहिली होती आणि ती महिनाभर राहिलीच होती.

बांध रुसनाच्या वाटणीत होता. तिने हो म्हटल्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं, आणि तिला विचारायला कुणाची जीभ रेटत नव्हती. चराकाठच्या सगळ्यात सखल तुकड्यात कबरस्तान होतं. तिचा नवरा अस्मुनी तिथेच होता.

“चल,” टोपली कमरेवर घेऊन ती खाली उतरली. नव्या पायरीवर पाय देताना तिने खाली पाहिलंही नाही.

बांधावर मंडळी जमली होती. गटाचा प्रमुख शाहरानी, अस्मुनीचा लहानपणापासूनचा मित्र, फळीवरून हात फिरवत होता.

“वहिनी, फळी जरा ओली वाटतेय. पुढच्या आठवड्यात बघू.”

“पाण्यातच बसवायचीय ना ती?” कसफिया म्हणाली. “वाळवून काय, तळायचीय?”

दोघंतिघं हसले. शाहरानी हसला नाही.

“तसं नाही. पाणी फार चढलं, तर…”

“तर काय?” रुसनाने विचारलं.

“तर… होड्या कशा जाणार? पामचे घड न्यायचे कसे?”

“तुझी होडी तू गेल्या सालीच विकलीस की रे, भाऊ,” कसफिया म्हणाली.

आता कुणीच हसलं नाही. कुणी विडी चाचपली, कुणी उगाच पामच्या शेंड्याकडे बघत राहिलं. रुसनाने टोपली खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. चरातलं चहासारखं पाणी फळीच्या रिकाम्या जागेतून खुशाल निघून चाललं होतं. वरच्या रोपाचं एक पान गळून तिच्या पायावर पडलं. तिने ते उचललं आणि मुठीत धरलं.

“पाणी कबरींवर येणार,” ती म्हणाली. “पहिलं अस्मुनीवर येणार. म्हणून थांबलात ना सगळे? मीही म्हणूनच थांबले होते.”

शाहरानीने मान खाली घातली.

“त्याला पुरला त्या दिवशी खड्डा निम्मा पाण्यानेच भरला होता. शवपेटी सतत वर येत होती. माती पडेपर्यंत तू दोन्ही पायांनी तिच्यावर उभा राहिलास, रडत रडत. तुला वाटलं, मी पाहिलं नाही. मी पाहत होते, शाहरानी. तो पहिल्या दिवसापासून पाण्यातच आहे.” तिने फळीचं एक टोक उचललं. “धर तिकडून.”