पाच थेंब

“घाल ती नळी चुलीत,” तात्या म्हणाला. “पाणी बघ की जरा. तळाच्या फरश्या मोजता येतात.”

तात्या म्हणजे बंगल्याचा मुकादम. फरश्या मोजता येत होत्या, ते खरंच. काल दुपारपर्यंत ताकासारखा दिसणारा हौद आज रविवारी सकाळी नितळ झाला होता. कारण मला ठाऊक होतं. काल संध्याकाळी तात्याने तुरटीचे खडे दोरीला बांधून हौदभर फिरवले होते, आपण घरी माठात फिरवतो तसे.

मी काचेच्या नळीत हौदाचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे पाच थेंब टाकले आणि नळी उन्हात धरली. पाण्यात क्लोरीन असला की ते पिवळं होतं, हळदीचं बोट बुडवल्यासारखं. ते होतं तसंच राहिलं.

“हौदात टाकायची पावडर मेलीया, तात्या. पावसाळाभर पोत्याचं तोंड उघडं टाकलं तुमी. खाऱ्या हवेनं तिच्यात दम ऱ्हायला न्हाई. तुरटीनं गाळ बसतो, रोग न्हाई मरत.”

“नवं पोतं मंगळवारी येतंय. साहेबांच्या पोरीचा वाढदिवस आज आहे. तू गप बस.”

गप बसायचं मला कधी जमलं नाही. सदुसष्ट साल होतं ते. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, आणि तिथल्या कामावर गब्बर झालेल्या एका ठेकेदार साहेबांनी सरावलीजवळ बंगला बांधून मागे पोहायचा हौद केला होता. तो राखायचं काम माझ्या नवऱ्याचं, आनंदाचं. आम्ही साताऱ्याकडचे, पोटासाठी इकडे आलेले. आनंदा तापाने गेला आणि काम माझ्याकडे आलं. उपकार म्हणून दिलं असेल त्यांनी, मी मात्र जीव ओतून केलं. सकाळ-संध्याकाळ नळी, एक दिवस चुकला नाही. पण त्या पाण्यात मी पायाचं बोटही बुडवलं नव्हतं. आम्हा नोकरांना मनाईच होती. पाड्यावरून भांडी घासायला येणाऱ्या पारूने एकदा उन्हातून आल्यावर त्यात पाय धुतले, तर बाईसाहेबांनी अख्खा हौद रिकामा करायला लावला होता.

मी थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. नळी दाखवली.

साहेब हसले. “मैनाबाई, काचेसारखं पाणी आहे. माझी स्वतःची मुलगी उतरणार आहे त्यात.”

“म्हणून तर सांगती, साहेब. आमच्या गावची हीर बी काचंवानी दिसायची. तिच्या पाण्यानं पटकी झाली आन् माझी लेक साखर गेली. पाच वर्साची व्हती.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. “आजच्या दिवशी असलं अशुभ बोलू नये. आणि ती नळी आत ठेव. पाहुण्यांसमोर नको.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी साखर अशुभ, आणि ते मेलेलं पाणी शुभ. वा रे शहाणपण.

चार वाजता पाहुणे आले. दहा-बारा पोरं टॉवेल घेऊन काठावर उभी, त्यांच्या आया खुर्च्यांवर. साहेबांची बेबी सगळ्यांच्या पुढे. तात्या मला हातानेच खुणावत होता, बाजूला हो म्हणून.

मी नळी पारूच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरले. लुगड्यासकट. कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिले, नाक दाबलं आणि एक बुडी मारली. पाणी गार होतं. एवढं राखलं, पण ते एवढं गार असतं हे मला माहीत नव्हतं.

वर आले आणि तोंडावरचं पाणी निपटलं.

“आता उतरवा पोरास्नी,” मी म्हणाले.

कोण उतरवतंय? आयांनी आपापली पोरं मागे ओढली. एकीने तर पोराचे कोरडेच पाय पुसले.

“डोकं फिरलंय हिचं,” तात्या म्हणाला.

“फिरलं न्हाई. माझ्या नळीवर कुणाचा इस्वास बसंना. माझ्या अंगाचा इटाळ मातूर समद्यास्नी लगेच पटला.”

साहेब शांतपणे म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“न्हाई येत.”

बेबी भोकाड पसरून रडत होती. तिचा वाढदिवस मी नासवला होता. वाईट वाटलं मला, का नाही वाटणार? पण म्हटलं, रडू दे. जिवंत पोर रडतं.

तशीच ओलेत्याने घरी निघाले. लोक बघत होते, मीही त्यांच्याकडे बघत होते. घर येईपर्यंत लुगडं अंगावरच वाळलं.

आठ दिवसांनी पारू आली आणि उंबऱ्यात बसली.

“हौद रिकामा केला, मैनाबाय. मीच घासला. नवा पाणी भरला, नवा पोता पन आला.”

“नळी कोण बघतं?”

“तात्याला नाय जमत. बोलला, मैनाबाय करायची तसा तू कर. मी टाकते पाच थेंब. सकाळी एकदा, सांजंला एकदा.”

“मग? पिवळं हुतं?”

“व्हते.”

“कसं पिवळं?”

हळद पारूच्या घरात रोज नसायची.

“पिकल्या भातासारखा,” ती म्हणाली.

“तेवढंच पायजे,” मी म्हणाले, आणि तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.