काखेतला डाग

डाग द्यावा तर बंकटनं, असं नांदूरघाटच्या आसपासच्या वस्त्यांत बोललं जाई. मेंढराचं पोट फुगलं की तो विळा तापवून डागायचा. ताप हटेना म्हणून माणसंही त्याच्याकडंच येत. आता त्याच नावलौकिकापायी त्याच्या बायकोचा जीव चालला होता.

बायडाबाईच्या तापाचा नववा दिवस, दवाखान्यातला चौथा. ती आता माणसं ओळखत नव्हती. आणलं त्याच दिवशी सून संगीतानं सासूच्या काखेतली काळी खपली डॉक्टरला दाखवली होती. त्यानं लांबूनच पाहिलं, ‘डाग दिल्याची जखम’ म्हणाला आणि टायफॉइडचं सलाईन लावलं.

चौथ्या सकाळी तो म्हणाला, "बाबा, हिला मोठ्या गावी हलवा. आधी डागत बसता, मग आमच्या गळ्यात."

"म्या डागलं न्हाई."

"सगळे असंच म्हणतात."

बंकटच्या मस्तकात तिडीक गेली. त्यानं सदरा वर केला. पोटावर बापानं दिलेले बोटभर लांब दोन वण होते.

"ह्यो डाग. इळ्याचा, लांब उठतोय. तीस वर्सं देतोय म्या. काखेत मेंढराला सुदीक कुणी देत न्हाई. जवळ जाऊन बघ बे एकडाव."

"मामा, दमानं," संगीता म्हणाली.

डॉक्टर उठला. बॅटरी लावून वाकला. खपली हरभऱ्याच्या डाळीएवढी, गोल, भोवती लाल कड. त्याचा आवाज उतरला.

"बाई गवतात बसतात का?"

"मेंढक्याची बायको कुठं बसंल? गादीवर?" संगीता म्हणाली.

"उंदरांच्या अंगावर बारीक किडे असतात. ते गवतातून माणसाला चावतात, चावल्या जागी अशी खपली धरते, त्याचाच हा ताप. मागं लढायांत पलटणीच्या पलटणी यानं आडव्या झाल्यात. गोळी साधीच आहे. कुठंही मिळते."

"साधी हाय?" बंकटनं विचारलं. डॉक्टरनं चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी बायडाबाईनं डोळे उघडले, नवऱ्याला नावानिशी ओळखलं, पाणी मागितलं. डॉक्टर खुशीत होता.

"वाचल्या बघा. आधीच नीट सांगितलं असतं, तर इतकं झालंच नसतं."

बंकट पाणी पाजत होता. तिच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी त्यानं पुसलं. त्यानं मान वर केली नाही.

"संगे, ह्यांला भाईर ने," तो म्हणाला. "माज्या हातून काईतरी व्हईल."